खालचा अर्धा कागद

आमच्या मिशनरी कॉलेजातले एक कारकून प्रत्येक वाक्य ‘बरं का’नेच सुरू करत. प्रिन्सिपल फादर दर महिन्याला नव्या योजनांचं पत्रक काढत. छपाईसाठी त्याचं स्टेन्सिल हे कारकूनच टाइपरायटरवर कापत.

एकदा पत्रकात आलं, लायब्ररी यापुढे चारला बंद. कारकुनांनी मजकूर वरच्या अर्ध्यात बसवला आणि खाली ‘आपलं म्हणणं इथे लिहा’ टाइप करून कागद कोरा सोडला. फादरांनी जाब विचारला, तेव्हा मी दाखल्यासाठी ऑफिसातच उभा होतो.

“बरं का फादर, तुमचं सांगून झालं. पोरांनी कुठं सांगायचं?”

सकाळी कॉलेज करून दिवसा नोकरी करणाऱ्या आम्ही सगळ्यांनी लिहिलं, चारला आम्ही कामावरच असतो. पुढच्या पत्रकात लायब्ररी आठपर्यंत उघडी झाली. ते पत्रक कारकून स्वतः वर्गावर्गात वाटत फिरले. खालचा अर्धा कागद पुन्हा कोरा.

“परत तुम्हीच?” मी विचारलं.

“बरं का, या वेळी फादरांनी सोडायला सांगितलाय.”