वाढत्या अंगाची सीट

आमच्या सासऱ्यांच्या हातून आजवर कोणालाही, कधीही, मापाची वस्तू मिळालेली नाही. माणूस कंजूष आहे म्हणाल तर अजिबात नाही. उलट हात इतका सैल की त्या हातून येणारी वस्तूही सैलच येते. ‘वाढत्या अंगाचं घ्यावं’ हा त्यांचा मंत्र, आणि त्यांच्या हिशेबी या जगात अंग वाढत नाही असा प्राणीच नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मी चांगला घोडा झालो होतो, मिसरूड फुटूनही जमाना लोटला होता. तरी मानाचा सूट शिवायला टाकताना त्यांनी शिंप्याला बाजूला घेऊन सांगितलं, “जरा सैल ठेव, जावई वाढता हाय.” मांडवात मी त्या सुटाच्या आत कुठेतरी उभा होतो, आणि माझ्या सख्ख्या आत्याने मलाच येऊन विचारलं की नवरदेव कुठाय. मी कुरकुर केली तर म्हणाले, “लग्नानंतर मानूस वाढतो, जावईबापू. उंचीला न्हाय तर रुंदीला.” मला राग त्याचा नाही. राग याचा आहे की आता तो सूट मला बरोब्बर बसतो.

भिवंडीजवळच्या शेलार गावात त्यांचं घर आहे. दोन मजले बांधून झाले, पण गच्चीवर तिसऱ्या मजल्यासाठी सळया उभ्या सोडल्या आहेत आणि तिकडे जाणारा जिना अर्धा चढून मध्येच थांबला आहे. घरात माणसं दोन, ते आणि सासूबाई. सासूबाई त्या सळयांना दोरी बांधून कपडे वाळत घालतात आणि म्हणतात, हाच तो तिसरा मजला. स्वयंपाकघरातला कुकर असा, की दोघांपुरती डाळ लावली तर शिट्टीची वाट बघत भूक मरते. एकदा कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि त्याच्यासाठी पट्टा आणला तो पोलिसांच्या कुत्र्याला शोभेल असा. पिल्लू पट्टा आणि साखळी जागच्या जागी ठेवून अंगणभर हिंडत होतं, आणि मामा (रीतीप्रमाणे मी त्यांना मामाच म्हणतो) कौतुकाने सांगत होते, “बघा वर्षानं कसा फिट बसंल ते.” या मंत्राचा सगळ्यात जुना बळी म्हणजे त्यांची लेक, माझी बायको मनीषा. पहिलीत शिवलेला शाळेचा फ्रॉक तिने चौथीपर्यंत घातला. तिचं म्हणणं असं, की तो ज्या वर्षी मापात आला त्याच वर्षी फाटला.

अशा माणसाकडे गाडी असणार ती अर्थातच सात जणांची. पूर्वी मामांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते. ते विकून त्यांनी शेडच्या जागी गोदाम बांधून भाड्याने दिलं आणि ही गाडी घेतली. दर रविवारी सकाळी भिवंडीत आमच्या इमारतीखाली तिचा हॉर्न वाजतो आणि आमची साडेतीन वर्षांची आर्वी एका पायात चप्पल घालून दाराकडे पळते. मागे आर्वी, तिच्या शेजारी सासूबाई, पुढे मामा, अशी वरात अकलोलीला निघते. तिथे गरम पाण्याच्या कुंडात आजोबा आणि नात पाय सोडून बसतात. “आबा, भाजतंय!” असं आर्वी ओरडते, “कुठं भाजतंय? सवय लागते,” असं मामा सांगतात आणि स्वतःचे पाय हळूच वर घेतात. मग गणेशपुरीला इडली खाऊन दुपारपर्यंत परत. आठवड्याच्या बाकीच्या दिवशी हा माणूस काय करतो असं मी एकदा सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “रविवारची वाट बघतो, आनखी काय?”

आर्वीला गाडीतली पहिली सीट मनीषानेच घेतली होती, खांद्यावरून पट्टे येणारी, पोराला घट्ट धरून ठेवणारी. तेव्हा मामांनी केवढा कांगावा केला! “पोराला बांधून काय ठेवायचं? वासरू हाय का ते? आमची सगळी पोरं मांडीवर बसून फिरली. मांडीवरनं पोर पडल्याचं कुनी ऐकलंय?” पण मनीषापुढे त्यांचं काही चालत नाही, आणि माझं तर त्याहून नाही. ती सीट आमच्या घरून त्यांच्या गाडीत गेली आणि तिथेच राहिली. या वर्षी मात्र आर्वी अशी झपाट्याने वाढली की खांदे पट्ट्यांच्या वर गेले आणि डोकं सीटच्या बाहेर डोकावायला लागलं. मनीषा म्हणाली, “बाबा, ही सीट आता लहान झाली. नवी येईपर्यंत अकलोली बंद.” यातलं अकलोलीचं मामांना ऐकूच आलं नाही. ‘लहान झाली’ एवढंच कानात शिरलं आणि चेहरा असा उजळला म्हणून सांगू! “बघा! घसा कोरडा करून सांगत होतो, वाढत्या अंगाची घ्या. आता नवीन मी आननार. पाळना आजोळचा, तशी सीटपन आजोळची.” आजोळचा पाळणा आला होता तेव्हा त्यात आर्वीला शोधावं लागायचं, हे मला लगेच आठवलं.

कल्याण नाक्याच्या अलीकडे लहान मुलांच्या सामानाचं एक दुकान आहे. मामा मला घेऊन तिथे गेले आणि त्यांनी म्हैस पारखावी तशा सीटा पारखल्या. उलट्या केल्या, ठोकल्या, पट्टे ताणून बघितले, एकीचा वासही घेतला. एका सीटमध्ये स्वतः बसून बघितलं. ते उठले तेव्हा सीटही त्यांच्याबरोबर उठली आणि ती सोडवायला दुकानदार आणि मी असे दोघं लागलो. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या एका खोक्यावर गेली. आत नुसती बैठक, पाठ नाही, खांद्याचे पट्टे नाहीत, पोराला उंच करून गाडीचाच पट्टा लावायचा. खोक्यावर दप्तरवाली मोठी मुलगी हसत होती. मामाही हसले.

“चाचा, ये बूस्टर बड़े बच्चों का है,” दुकानदार म्हणाला. “आपकी बच्ची छोटी है.”

“आज छोटी है. लेकिन छोटीच रहेगी क्या?”

“और तब तक?”

“तब तक बढ़ेगी ना!”

“मामा, हिला पाठ नाही,” मी म्हणालो.

“पाठ गाडीच्या सीटला हाय की,” मामा म्हणाले आणि खोकं काखोटीला मारलं.

इमारतीखाली गाडीत आर्वीला त्या बैठकीवर बसवलं तर गाडीचा पट्टा बरोब्बर तिच्या गळ्यावरून गेला. “आबा, गळ्याला लागतंय,” ती म्हणाली. मामांनी तिच्याखाली टॉवेलची घडी सारली. ती उंच झाली, पण घसरायला लागली. मग त्यांनी पट्टा तिच्या पाठीमागून घेतला आणि आता कसं झालं म्हणून आमच्याकडे बघितलं. मनीषा म्हणाली, “बाबा, हा माझा फ्रॉक नाहीये. फ्रॉक सैल झाला तर पोरी हसल्या, संपलं. पट्टा सैल राहिला तर माझी मुलगी जाईल. नीट सीट येईपर्यंत ती तुमच्या गाडीत बसणार नाही.” मामांनी पट्टा सोडवला. आर्वीला कडेवर घेऊन वर आणून सोडलं, आणि चहा न घेताच गेले. आमच्याकडचा चहा त्यांनी नाकारला असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

त्यानंतरचे रविवार फार वाईट गेले. सासूबाईंचा फोन यायचा, “सकाळधरनं अंगनात गाडीत जाऊन बसलेत. चालू करतात, बंद करतात.” इकडे आर्वी खिडकीशी उभी. हॉर्न वाजला की “आबा!” म्हणायची, आणि आमच्या रस्त्यावर हॉर्न काय कमी वाजतात? मनीषा तिला आत ओढायची आणि स्वतः मोरीत जाऊन भांडी आपटायची. बापलेकीत कोणी माघार घेईना. मध्ये मी, माझं सँडविच!

एका रविवारी मात्र हॉर्न खरंच मामांचा निघाला. त्यांनी मला एकट्यालाच खाली बोलावलं. मागच्या बाजूला त्या बिनपाठीच्या बैठकीवर तांदळाचं पोतं बसवलेलं, त्याला पट्टा लावलेला, आणि वर आर्वीची त्यांच्याकडे राहिलेली लोकरीची टोपी. “बरोब्बर तिच्या वजनाचं हाय,” मामा म्हणाले. “तिला उचलून उचलून हाताला वजन ठावं झालंय. अकलोलीपर्यंत नेतो आनि आनतो. हललं का ते तुम्ही बघा, आनि मंग मनीला तुमच्या तोंडानं सांगा.” मी साक्षीदार म्हणून पुढे बसलो. मामा सुरेख गाडी चालवत होते. वाटेत भातखाचरात बगळे उतरले होते, तर सवयीने मागे तोंड करून “बगळा बघ गो, बगळा!” म्हणाले, आणि मग माझ्याकडे न बघता उगाच खोकले. मी खिडकीबाहेर तोंड करून हसू दाबलं. गणेशपुरीच्या अलीकडे पुढची एसटी हात दाखवणाऱ्या बाईसाठी अचानक थांबली. मामांनी करकचून ब्रेक मारला. गाडी वेळेत थांबली. पोतं थांबलं नाही.

ते पट्ट्याच्या खालून सुटलं, माझ्या सीटच्या पाठीवर धाडकन आदळलं आणि खाली पडून उसवलं. तांदूळ आमच्या पायांपर्यंत आला. आम्हाला ओरखडासुद्धा नाही, गाडीला काही नाही. एसटी तर त्या बाईला घेऊन निघूनही गेली. मी काहीतरी विनोद करणार होतो, पण मामांकडे बघितलं आणि विचार बदलला. त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले, मागचं दार उघडलं आणि तांदळातून ती टोपी उचलली. झटकत राहिले. टोपी कधीच स्वच्छ झाली होती तरी झटकत राहिले. “जावईबापू,” ते म्हणाले, “ही बसली असती.” अकलोली पुढ्यात होती, पण मामांनी गाडी तिथूनच वळवली.

त्याच संध्याकाळी आम्ही सगळे दुकानात गेलो, चालत, आर्वी मामांच्या बोटाला धरून. दुकानदार मामांना बघून जरा सावध झाला. “चाचा, इस बार क्या दिखाऊं?” मामा म्हणाले, “आज के नाप का दिखाव. कल का नहीं, आज का.” मनीषाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. या माणसाच्या तोंडून ‘नाप’ हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मग त्यांनी आर्वीला एकेका सीटमध्ये बसवलं आणि गुडघे टेकून, चष्मा नाकावर आणून, पट्टा खांद्याला कुठे लागतो ते बघितलं. पट्ट्याखाली बोट सारून बघितलं. तिला पुढे वाक म्हणाले, झोपल्यासारखं कर म्हणाले. शेवटी दुकानदाराने उंच पाठीची एक सीट काढली. तिला खांद्याचे पट्टे होते, आणि पट्ट्यांसकट डोक्याचा भाग मागच्या खाचांमधून एकेक घर वर सरकायचा. पोर मोठं झालं की पट्टे काढून गाडीचा पट्टा लावायचा. “ये बच्चे के साथ बढ़ती है, चाचा,” तो म्हणाला. मामांनी संशयाने विचारलं, “कौन? सीट?” त्यांनी ती पार वरपर्यंत चढवून बघितली, बराच वेळ तिच्याकडे बघितलं, आणि मग पुन्हा खाली आणून आर्वीच्या खांद्याशी नेमकी बसवली. “अभी इधर,” म्हणाले.

मनीषाला राहवलं नाही. थट्टेनेच म्हणाली, “बाबा, म्हणजे तुम्हाला माप कळतं तर! मग मला जन्मात कधी मापाचं का नाही आणलंत?”

मामा पट्टा लावत होते. वर न बघता म्हणाले, “तुला उभी कवा बघितली मी? लूमवर दिसपाळी, रातपाळी. निघायचो तवा तू झोपलेली, यायचो तवा झोपलेली. झोपलेल्या पोराची उंची कळत न्हाय गो. दुकानदार विचारायचा केवढी हाय, तर मी हात धरायचो, एवढी असंल. कमी पडाय नको, म्हनून हात जरा वरच धरायचो.”

मनीषा खेळण्यांच्या फळीकडे वळली आणि एक बाहुली उगाच उलटसुलट बघत बसली. मलाही भरून आलं, उगाच कशाला खोटं बोलू! ज्यांच्यावर आम्ही इतकी वर्षं हसलो तो सैल सूट, तो सैल फ्रॉक, ती सगळी सैल माया माझ्या डोळ्यांपुढून गेली. दुकानदाराने सीट बांधून देऊ का विचारलं, तर मामा नको म्हणाले आणि ती तशीच दोन्ही हातांत धरून घरी आले.

रविवार पुन्हा सुरू झाले. मामा आता गाडी काढण्याआधी पट्टे स्वतः तपासतात, आणि सासूबाईंनाही पट्टा लावायला लावतात. परवाच्या रविवारी मनीषा खाली उतरली आणि आर्वीच्या खांद्यावरून बोट फिरवून म्हणाली, “बाबा, एक घर वर घ्यायला हवं. वाढलीय ती.”

“छ्या, कुठं वाढलीय?” मामा म्हणाले. “बसतंय की नीट. जाऊ दे अजून थोडे दिवस.”

“बाबा.”

मामा वाकले आणि डोक्याचा भाग एक घर वर ओढला. टक् असा आवाज झाला. “आबा, मी मोठी झाले!” आर्वी ओरडली. “झालीस गो बाय, झालीस,” ते म्हणाले. नंतर त्यांनी वर उरलेल्या घरांवरून बोट फिरवलं, ओठातल्या ओठात मोजलं आणि दार लावून माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, “जावईबापू, पार वरच्या घराला पोचंल तवा ही येईल का माझ्यासंगं अकलोलीला?”

“येईल की, मामा. न यायला काय झालं?”

“न्हाय वो. तवा शाळा असंल, क्लास असंल, मैत्रिनी असतील.” ते समजूतदारपणे हसले. आतून आर्वी काचेवर थापा मारत होती. “आज येतेय ना,” ते म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.