कमानीखालचा चहा

कामरगावात आमच्या बुद्धविहाराचं बांधकाम चाललं होतं. मिस्त्री मानोरा गावाकडचा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. तरुणपणी त्याने अमरावतीत एका जुन्या चर्चच्या डागडुजीवर काम केलं होतं. तिथली उंच, टोकदार गॉथिक कमान त्याच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. घर असो की शाळा, वर सिमेंटचा स्लॅब आणि दाराला मात्र तीच विटांची कमान.

"कमानीत सळई काहून नाही टाकली, मिस्त्री?" मी विचारलं.

"एक वीट दुसरीले धरून राह्यली ना भाऊ, सळई कायले?"

माझा काही भरवसा बसेना. आधाराच्या फळ्या काढायच्या दिवशी आम्ही सगळे लांब उभे राहिलो. मिस्त्री मात्र चहाचा कप घेऊन बरोबर कमानीखाली मांडी घालून बसला आणि गड्यांना म्हणाला, "काढा."

फळ्या निघत होत्या, तो चहा फुंकत होता.

"अहो, उठा ना!" मी ओरडलो.

"मीच नाही बसलो, तं उद्या तुमी कसे बसान?"

आता वंदना झाली की बायका लेकरांना घेऊन त्याच दारात गप्पा मारत बसतात. वर मान करून कुणी पाहत नाही.