ब्रेकवाली मोटर

मोटर निवडायला आम्ही दोघे भाऊ नागपूरला गेलो आणि दुकानातच भांडलो. राइस मिल शेठची; पण आम्ही तिथे इतकी वर्षं खपलो की आमचीच म्हणायचो. तांदळाच्या पिशव्या बंद करायची मशीन आम्ही मिलमध्येच, स्वतःच्या हातांनी उभी करत होतो. लोखंडी जबडा वरून खाली यायचा, पिशवीचं तोंड दाबायचा आणि पुन्हा वर जायचा. त्याला खालीवर नेणारी सर्वो मोटर घ्यायची होती. लोखंडाचं काम मोठ्या भावाचं, विजेचं माझं.

मी म्हणत होतो, ब्रेकवाली घेऊ. वीज असेपर्यंत मोटर जबडा वर पेलून धरते. वीज गेली की तिचा जोर संपतो, मग धरायला ब्रेकच लागतो. पण ब्रेकवालीसाठी थांबावं लागणार होतं आणि मिलमध्ये नवं धान येऊन पडलं होतं.

“कायले पायजे ब्रेक?” भाऊ म्हणाला. “मेलेली मशीन कोनाले चावते का? भित्री भागूबाई!”

दुकानदार हसला. आम्ही बिनब्रेकची घेऊन आलो.

आणि काही झालं नाही. जबडा ज्यावर खालीवर सरकायचा तो लांब स्क्रू नवा होता, घट्ट होता. लाइट गेली तरी जबडा वरच राहायचा. भाऊ माझ्याकडे बघून भुवया उडवायचा.

आमच्या मिलमध्ये लोडशेडिंग म्हणजे साफसफाईची वेळ. लाइट गेली की बाया कुंचे काढून कोंड्याची धूळ झाडायच्या, भाऊ तेलाची कुपी घेऊन फिरायचा. चालू मशीनला कुणी बोट लावत नसे आणि बंद मशीनला कुणी भीत नसे. एका दुपारी लाइट गेल्यावर भावाने स्क्रू पुसला, त्याला तेल दिलं आणि खाली सांडलेले दाणे काढायला उजवा हात आत घातला. तेलाने मोकळा झालेला जबडा खाली आला.

बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. दवाखान्यात तो एवढंच म्हणाला, “तू म्हनतच होता.” बरोबर ठरल्याचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नाही. तेव्हापासून कुडव्याच्या आमच्या घरून मिलपर्यंत गाडी मी चालवायचो. तो मागे बसायचा, हात शर्टात लपवून.

दुसरी मोटर आणायला मी एकटाच गेलो. जबड्याच्या दुप्पट वजन पेलेल असा ब्रेक घेतला. “इतना बड़ा क्यों, भाई?” दुकानदाराने विचारलं. मी पैसे मोजले.

ती बसवून मी मेन स्विच पाडला. जबडा तसूभर हलला नाही. शेठने नारळ फोडला. पण झाडायला एकही बाई पुढे येईना.

“आमी नाही घालत हात,” त्या म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं?

तेव्हा भावाने डाव्या हातात कुंचा घेतला आणि हात आत घातला. सावकाश, कोपऱ्यातले दाणेसुद्धा काढत राहिला. बाया बघत होत्या. ब्रेक मी निवडलेला, हिशेब माझा. जबडा पडणार नाही हे माझ्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी दोन्ही हात जबड्याखाली लावून तो पेलत उभा राहिलो.

“सोड ना बे,” भाऊ म्हणाला. “तुयी मोटर धरून आहे ना.”

त्याचा हात बाहेर येईपर्यंत मला सोडता आलं नाही.