पहिल्या एपिसोडमधून मी कापून टाकलेला 'हूं'

हे आत्ताच्या आत्ता लिहायचंय! ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून मोबाईलवर टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या. संध्याकाळपर्यंत थांबले तर मी स्वतःलाच पटवून देईन की असं काही झालंच नाही...

आधी एक सांगते. मी या ग्रुपवर बरेच दिवस आहे, पण टाईमपास म्हणून. तुमचे अनुभव वाचायचे, स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीला पाठवायचे आणि दोघींनी मिळून हसायचं. सॉरी. भूत, आत्मा, चाहूल... माझा यातल्या कशावर काडीचा विश्वास नव्हता. अजूनही 'आहे' असं म्हणवत नाही. पण जे झालं ते झालं.

तर मी मुलुंड ईस्टला राहते. माझा कॉलेजचा मित्र तेजस, तो बोरिवलीचा. आम्हा दोघांना पॉडकास्ट सुरू करायचा होता. हो हो, सगळ्यांनाच करायचा असतो! पण आमचा नीट प्लॅन होता यार. विषय ठरलेला – मालवणी गजाली. म्हणजे गावाकडचे गप्पा-किस्से, आणि तेही मुंबईत येऊन म्हातारे झालेल्या माणसांच्या तोंडून. नावावरून आम्ही इतके भांडलो की सुरू व्हायच्या आधीच बंद पडला असता. तेजसला इंग्लिश नाव पाहिजे होतं, मला मालवणी. शेवटी 'बस गो जरा' ठरलं. कव्हर मी स्वतः डिझाईन केलं, झकास झालं होतं.

सामान म्हणाल तर दोन सेकंडहँड माईक. रेकॉर्डर तेजसच्या एका मित्राचा, जो लग्नाचे व्हिडिओ शूट करतो. त्यात प्रत्येक माईकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर जातो, म्हणजे माझा वेगळा, पाहुण्याचा वेगळा. हेडफोन मात्र एकच होता. ही हेडफोनची गोष्ट लक्षात ठेवा प्लीज.

आणि मी व्हिडिओ बघून बघून नियम पाठ केलेले. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. भिंतींवर जाड कापड टांगायचं म्हणजे आवाज घुमत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम... पाहुणा बोलत असताना होस्टने मध्ये मध्ये 'हं', 'हो', 'अच्छा' करायचं नाही. फक्त मान हलवायची. नाहीतर एडिट करताना वाट लागते.

पहिला पाहुणा कोण यावर मात्र भांडण नव्हतं. भाऊकाका! माझ्या बाबांचे थोरले चुलतभाऊ. घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहतात. आमच्याकडे लग्न असो की बारसं, सगळी पोरं भाऊकाकांभोवती. पण मागच्या वर्षी काकी गेली आणि त्यांनी गजाली सांगणं सोडलंच. कुठेही गेले की कोपऱ्यात बसायचे, जेवायचे, निघायचे. मला वाटलं, या निमित्ताने माणूस परत बोलायला लागेल. खरंच, एवढंच मनात होतं माझ्या.

रविवारी दुपारी गेलो. काकांच्या आतल्या खोलीत सेटअप लावला. भिंतीला टांगायला काही जाड आहे का विचारलं, तर काकांनी ट्रंकेतून दोन गोधड्या काढल्या. जुन्या नऊवारींच्या.

"सांबाळून टांगा हां. तुझ्या काकीन शिवलल्यो," म्हणाले.

टांगल्या. घाटकोपरात दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान उतरतं, त्याचं काही करता येत नाही, ते आलं की थांबायचं ठरलं. काकांना हेडफोन फार आवडला. डोक्यावर चढवून आरशात बघून आले.

"रेडिओवालो दिसतंय मा?"

"एकदम!" तेजस म्हणाला. "काका, तुम्हीच घाला तो. आमच्यापेक्षा तुम्हाला शोभतो."

म्हणून हेडफोन काकांकडे राहिला. रेकॉर्ड होणारं सगळं त्यांना कानात ऐकू येत होतं. आम्हाला नाही.

सुरू केलं. काका दोन वाक्यं बोलले आणि थांबले. परत दोन वाक्यं... परत थांबले. माझ्याकडे बघतायत.

"चेडवा, तू गप कित्याक बसलंस? हूं म्हण मा."

"काका, रेकॉर्डिंगमध्ये हूं म्हणायचं नसतं. मी मान हलवतेय ना."

"मान हलवून काय होता? मी काय पोलिसांका जबानी दितंय? गजाल सांगताना समोरच्यान हूं म्हणाक होया. नायतर भिंतीक सांगल्यासारख्या वाटता."

"काका, लोक मोबाईलला सांगतात आजकाल," तेजस म्हणाला. "तो पण हूं म्हणत नाही, उलट मध्येच बॅटरी लो म्हणतो."

काका हसले, पण गाडी काही पुढे जाईना. एक विमान गेलं. मला टेन्शन, कारण रेकॉर्डर दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता. मी म्हटलं, "काका, एकदा ट्राय करा ना माझ्यासाठी. आम्ही ऐकतोय. समजा मनातल्या मनात हूं म्हणतोय."

त्यांनी परत सुरुवात केली. पहिलं वाक्य बोलले, थांबले... आणि एकदम चमकून मान वर केली. मला वाटलं हेडफोन टोचतोय. पण मग काका जे सुटले!! थांबायचं नावच नाही. वाक्य, छोटा पॉज, वाक्य, छोटा पॉज. डोळे मिटून, हात नाचवत. लहानपणी ऐकले होते तेच भाऊकाका! मी तेजसला टेबलाखालून लाथ मारली, त्याने मला अंगठा दाखवला.

त्यांनी कोंबड्याची गजाल सांगितली. लग्नानंतर पहिल्यांदा गावाहून जिवंत कोंबडा घेऊन आले, वडे-सागोती करायला. तो चाळीत सुटला. बरं, गावच्या कोंबड्याने विमान कधी बघितलेलं! त्याला वाटायचं घार आली. विमान आलं की हा धावत जाऊन शेजारच्या गुजराती बेनच्या पलंगाखाली लपायचा... आणि त्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. शेवटी काका तिच्या पलंगाखाली शिरलेले, हातात कोंबड्याची शेपटी, आणि बेन विचारतेय हे काय आहे, तर म्हणाले, "पोपट हा. गावचो पोपट."

मी तोंड दाबून हसत होते. नियम म्हणजे नियम.

आता एडिटिंग. दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी टाकून बसले. दोन ट्रॅक उघडले. माझा ट्रॅक स्वच्छ. काकांचा ट्रॅक लावला आणि... काकांच्या प्रत्येक पॉजमध्ये एक बारीक आवाज.

"हूं."

बाईचा. हळू, पण अगदी माईकजवळ तोंड असल्यासारखा. मी वैतागले! मला वाटलं मीच. आपल्याला सवय असते ना, आपल्याला कळतही नाही. तेजसला मेसेज केला, "यार सगळीकडे हूं हूं आहे, तू करत होतास का?" त्याला एक तुकडा पाठवला. त्याचा रिप्लाय, "बाईचा आवाज आहे येडी, तूच आहेस. दुसऱ्याला नियम शिकवतेस!"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझा आवाज काकांच्या माईकमध्ये गेला असेल तर तो माझ्या माईकमध्ये आधी यायला पाहिजे ना? माझ्या तोंडासमोर होता तो! पण मला फक्त एपिसोड टाकायची घाई. कव्हर तयार, पोस्ट तयार, सगळ्यांना सांगून झालेलं.

मग बसले कापायला. एक एक हूं शोधून. सगळे सारखे नव्हते हो... काही लांब, काही नुसते पुटपुटल्यासारखे, एक तर 'मग पुढे काय' विचारल्यासारखा. आणि कोंबड्याच्या गजालीत, काका बेनच्या पलंगाखाली शिरतायत, अजून पोपट यायचाय, जोक व्हायचाय... आणि तो हूं आधीच हसतोय. ज्याला पुढचं माहीत असतं त्याला आवरत नाही ना, तसा. मी तिथे थांबले होते एक क्षण. खरंच थांबले होते. मग तोही कापला.

एपिसोड अपलोड केला. लॅपटॉप फुल्ल झालेला म्हणून मूळ फाईल उडवली, डस्टबिनपण रिकामा केला. रेकॉर्डर कार्डासकट तेजसने परत दिला.

काकांचा रोज फोन. "झाला काय गो तुझा?" मला वाटायचं, काकांना फेमस व्हायची काय घाई! त्यांचा फोन साधा, त्यावर लिंक उघडत नाही, म्हणून पुढच्या रविवारी स्पीकर घेऊन गेले त्यांच्याकडे. एपिसोड लावला. काका पुढे सरकून बसले, डोळे मिटले. थोडं ऐकलं. मग डोळे उघडले. अजून थोडं ऐकलं. कोंबड्याची गजाल आली, बेन आली, पोपट आला... काकांनी हात वर केला.

"बंद कर. तिचो हूं खय गेलो?"

"कोणाचा काका?"

"तुझ्या काकीचो."

मला आधी कळलंच नाही. मग मी स्पीकर बंद केला.

काका अगदी साधेपणाने सांगत होते. "त्या दिवशी मी सुरू केलंय आणि कानात ती म्हणाली, हूं. माका वाटला, ह्या तुमच्या मशिनीत तसा काय तरी असता. तूच जुळवून आणलंस असा वाटला माका. म्हटलं, चेडू कितक्या हुशार! म्हणान तर मी बोललंय. नायतर मी कोणाक सांगतलंय आता?"

रोजचा फोन त्याच्यासाठी होता. त्यांना एपिसोड नको होता, तिचा आवाज परत ऐकायचा होता.

तुम्ही म्हणाल, तुला काकीचा आवाज ओळखू आला नाही? नाही आला. दर गणपतीला जायचे मी त्यांच्याकडे! पण काकी बोलायचीच नाही हो. बोलायचे काका, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात बसून हूं म्हणायची. तेवढंच तिचं बोलणं. घरात कुणाकडेच तिचा आवाज नाही. लग्नाच्या व्हिडिओंमध्ये आहे, पण तिथे बँड वाजतोय आणि कॅमेरा आला की ती पदर सारखा करत बाजूला होते. एकदाच कुठेतरी नीट रेकॉर्ड झाली होती... ती मी एक एक करून कापली.

काकांना म्हटलं, "काका, माझ्याकडे ती फाईल नाहीये आता." त्यांनी उठून मला पाणी आणून दिलं, कारण मी रडत होते.

तेजसला फोन केला. आधी म्हणाला "मजाक करू नकोस," मग बाईक काढून थेट मित्राकडे. कार्ड फॉरमॅट झालेलं, त्यावर एक हळद शूट झालेली. डेटा परत काढून देणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदाराने खूप प्रयत्न केला. निघालं काय? हळदीचा डीजे आणि नवऱ्या मुलाचे मामा नाचताना. मेसेजमध्ये तेजसला पाठवलेला तुकडा तरी असेल म्हणून शोधला, तर त्याच्या फोनवर मेसेज आपोआप डिलीट होतात. माझ्याकडे तो उघडला... त्यात काका बोलतायत, थांबतायत, परत बोलतायत. मधे काही नाही. शपथ. मी याच तुकड्यात ऐकलं होतं, तेजसनेही ऐकलं होतं, म्हणून तर त्याने मला येडी म्हटलं. आता त्यात काही नाही.

मग काल परत गेलो. तोच रेकॉर्डर मागून आणला, तेच माईक, त्याच गोधड्या. पंखा बंद, फ्रिज बंद. काकांनी हेडफोन चढवला, या वेळी आरशात बघितलं नाही. मी म्हटलं, "काका, कुठलीही सांगा."

ते एक वाक्य बोलले आणि थांबले. काही नाही. दुसरं वाक्य. थांबले. डोक्यावरून विमान गेलं, ते जाईपर्यंत बसून राहिले. तिसरं वाक्य... मला राहवलं नाही. नियम गेला खड्ड्यात, मी म्हटलं, "हूं."

काका माझ्याकडे बघून हसले. डोक्यावरून हेडफोन काढला आणि वायर गुंडाळून टेबलावर ठेवला.

"ऱ्हवांदे, चेडवा. तुका हूं चलत नाय ता तिका कळला. आता ती कशाक बोलतली?"

चिडून नाही म्हणाले हो. चिडले असते तर बरं झालं असतं. मग गोधड्या उतरवल्या, मी आणि काकांनी चार टोकं धरून घडी घातली. त्यांना बसस्टॉपपर्यंत यायचं होतं, मी नको म्हटलं.

तेजसचं म्हणणं, दुसऱ्या कुठल्यातरी सिग्नलचा आवाज आमच्या स्वस्तातल्या वायरमध्ये शिरला असेल. असेल. पण तो सिग्नल काकांच्या वाक्यानंतरच येतो? आणि त्याला कोंबड्याची गजाल आधीपासून माहीत असते? पॉडकास्ट बंद केलाय. तो एपिसोड अजून आहे तिथे, लोक लिहितात 'ऑडिओ किती क्लीन आहे', आणि मला वाचवत नाही.

इथे रेकॉर्डिंग करणारे कोणी असतील तर सांगा ना... तुमच्या फाईलमध्ये कधी असं, खोलीत नसलेलं माणूस आलंय का? आणि तुम्ही ते काढून टाकल्यावर परत कधी आलं का? एकदा तरी? कोणाचंही?