माझ्या विमानाला लिंबाची फांदी

सांगावं का न्हाई, हेच मला अजून कळून न्हाई राहिलं. पण चहा निम्मा झालाय, तर सांगूनच टाकतो. मी एकदा विमानात बसून उडालो होतो. एकटाच. चालवणाऱ्याबिगर!

वारंगा फाट्यावर माझं कुशनचं दुकान. ट्रकच्या, जीपच्या सीटा शिवतो. ट्रॅक्टरच्या तर इतक्या शिवल्या, की नुसत्या आवाजावरून ट्रॅक्टर कोणाचा ते सांगतो, अशी माझी बढाई. एक दिवस एक साहेब आले. त्यांचं चार माणसांचं लहान विमान फाट्यापलीकडं माळावर उभं असतं. आतून दारांची, भिंतींची पॅनलं फाटून फोम बाहेर आला होता. काका, जमंल का म्हणले. म्हणलं, दार जीपलाही असतंय अन् विमानालाही. जमवू.

जुनी पॅनलं काढली, नवं रेग्झिन चढवलं अन् एकेक बसवायला आत शिरलो. चिकटवायच्या सोल्युशनचे थेंब उडू नयेत म्हणून काचांना कागद लावले. ओल्या सोल्युशनवर धूळ बसू नये म्हणून दारही लावून घेतलं. आता तुमीच सांगा, याच्यात माझं काय चुकलं?

त्या वासानं डोकं जरा हलकं झालं. तेवढ्यात धडधड सुरू झाली अन् विमान हललं.

मी पॅनल छातीशी धरून खालीच बसलो. साहेब तर सकाळीच हिंगोलीला गेलेले. मंग चालवून कोण राहिलं? का हे यंत्र आपोआपही जातं? दार उघडावं तर पडायची भीती. कागद काढून खाली पाहायची हिंमत होईना. मधीच एक गचका बसला. मला वाटलं, ढग लागला.

मरायच्या आधी घरी कळवावं म्हणून बायकोला, गयाला, फोन लावला.

"गया, मी वरून बोलून राहिलो."

"वरून म्हंजे? कोणाच्या माडीवरून?"

"विमानातून. उडालं ते. शेळ्या सांभाळ."

मंग म्हणली, "काहून घाबरून राहिले? घरावरून जाताना हात करा. मी अंगणात येते."

फोन ठेवला अन् विमान थांबलं. दार बाहेरून उघडलं. समोर आमच्याच गावचा दत्ता, साहेबांचं विमान राखणारा.

"मामा, तुमी आत व्हय? मला वाटलं जेवायला गेले. ऊन लई, म्हणून लिंबाखाली ओढलं."

त्याच्यामागं त्याचा ट्रॅक्टर. हिरवी सीट, मीच शिवलेली.

संध्याकाळी एसटीतून उतरलो तर अर्धी गल्ली आमच्या अंगणात. दुपारी खरंच एक मोठं विमान गावावरून गेलं म्हणं, अन् गयानं समद्यांला हात करायला लावलं होतं. शेजारची म्हातारी विचारून राहिली, दिसलो का रे आमी? आता काय बोलावं? म्हणलं, बराबर दिसले.

लोक खुशीत घरी गेले. गयानं ताट वाढलं, भाकरी ठेवली अन् हळूच म्हणली, "दत्ताचा फोन आला होता मघाच. म्या कोणाला न्हाई सांगितलं. पण एवढ्या उंचावर लिंबाच्या फांद्या न्हाई लागल्या का तुमाला?"