आत घेतलेली बाल्कनी

मित्राने बाल्कनी आत घेतली. हॉल ऐसपैस झाला, काळ्या काचा लागल्या, जाड पडदे आले. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, रोज सकाळी त्याच बाल्कनीत उन्हाला बसून लसूण सोलायच्या. आता दिवसभर सोफ्यावर पेंगतात आणि रात्रभर घरात फिरतात.

काल दुपारी जेवून आम्ही बराच वेळ गप्पा मारत बसलो होतो. काकूंनी डोळे उघडून विचारलं, "दिवस मावळला का रे?"

"बघ! दिवसरात्र कळत नाही हिला. डोकं चालेनासं झालंय," मित्र त्यांच्यादेखत म्हणाला.

माझं टाळकंच सरकलं. अरे, त्यांचं ऊन तू काढून घेतलंस, झोप घालवलीस, आणि वर त्यांनाच वेड्यात काढतोस?

"सांगतो हं, काकू," म्हणत मी पडद्याकडे पाहिलं. वर ट्यूबलाइट जळत होती. शेवटी मलाही मोबाइलवरच वेळ बघावी लागली.