पेला हातात धरून मेलेला म्हातारा

रत्नागिरीच्या बाजारात कापडाचं दुकान असलेला एक सिंधी शेठ नाटकं लिहितो, हे मला कळलं ते पडद्याचं कापड आणायला गेलो तेव्हा. कापड राहिलं बाजूला. शेठने पहिला अंक वाचायला घेतला आणि तो संपेपर्यंत ताटकळलेल्या गिऱ्हाइकांची पोरं लग्नाला आली. लिहायचा सिंधीत, उजवीकडून डावीकडे. त्याच्या गोष्टी उल्हासनगरच्या मासिकात छापून यायच्या, पण नाटकांच्या नशिबी ट्रंक. अख्ख्या रत्नागिरीत ती वाचू शकणारी माणसं दोन. एक तो, दुसरी त्याची बायको, आणि तिचा चष्मा नेमका नाटकाच्या वेळी हरवायचा. आपलं एकही नाटक उभं राहिलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

आमचं गाव पालीच्या अलीकडे. देवीच्या उत्सवाला दरवर्षी नाटक व्हायचं आणि मुख्य काम माझंच, कारण माझ्या आवाजाने देवरूखची गुरं दावणीला उठून उभी राहायची. तेव्हा शेठने आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत, दर वाक्याला मला 'साईं' म्हणत सांगायचं, मी लिहून घ्यायचं, असं ठरलं.

नाटक साधं. फाळणीत घर सोडून निघालेला म्हातारा स्टेशनात ट्रंकेवर बसलाय. त्याचा मुलगा पाणी आणायला जातो. म्हातारा रिकामा पेला पुढे धरून वाट बघतो आणि तसाच, बसल्या जागी मरतो. पडदा. मी शेठला पुन्हा पुन्हा विचारलं, अहो, मुलगा गेला कुठे? दरवेळी तो ठाण ओढून टर्रकन कापड फाडायचा. कोणाला नको असलेलं किती कापड त्या प्रश्नापायी फाटलं असेल, देवी जाणे.

घोटाळा पुढे झाला. आमच्याकडे पडद्याची दोरी ओढणं हा मानकऱ्याच्या घराचा मान. आणि रिवाज असा, की नाटकात कोणी मेला तर पडदा पडण्याआधी त्याने उठून उभं राहायचं. देवीच्या दारात मढं ठेवून पडदा टाकायचा नाही. मानकऱ्याने तालीम पाहिली, डोळे पुसले आणि मग म्हणाला, म्हातारा शेवटी उठला पायजे.

शेठने नाही म्हटलं. तो उठला तर नाटक गेलं. मानकरी म्हणाला, न उठला तर गाव गेलं. मी शेठला बाजूला घेऊन सांगितलं, उठत नाही. मग मानकऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, उठतो. दोघेही माझ्यावर खूश झाले.

उत्सवाच्या दिवशी शेठ कडक इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसला. तीन गावं लोटली होती. दुसऱ्या अंकाला माणसं इतकी रडली की विहिरीचं पाणी खारट झालं म्हणतात. शेवटी मी मेलो. डोळे उघडे, उजवा हात पुढे, हातात पितळी पेला.

पडदा पडेना.

विंगेत मानकरी दोरी मुठीत धरून उभा. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला तो दिसत होता, आणि समोर शेठ. मानकरी खालच्या आवाजात म्हणाला, "उठ मेल्या. न्हायतर रातभर बस. मी काय दोरी सोडत न्हाय."

शेठने माझ्याकडे बघून मान हलवली. उठायचं नाही.

नाकावर डास बसला. तो चिमणीएवढा होता हे मी आजही शपथेवर सांगेन. हात भरून आला, मग बधिर झाला, मग माझा राहिलाच नाही. पेला थरथरायला लागला. मेलेल्या माणसाचा पेला थरथरतोय हे तीन गावं बघत होती. मागे कोणीतरी फिसकन हसलं. एवढ्या वर्षांनी उभं राहिलेलं नाटक आता हशात जाणार होतं. माझी मांडी आपसूक हलली, मी उठणारच होतो.

तेवढ्यात शेठ उठला.

पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला तांब्या त्याने उचलला आणि रंगमंचाच्या पायऱ्या चढून तो वर आला. हसणारा गप्प झाला. शेठ माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. अर्धं पाणी माझ्या धोतरावर गेलं. उरलेलं त्याने पेल्यात ओतलं.

"बाबा, पाणी," तो म्हणाला. माइक लांब होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

मी ते पाणी प्यालो. त्याने माझ्या काखेत हात घातला आणि मला उभं केलं. मग पडदा पडला. टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं तशीच बसून राहिली आणि मानकरी सुटलेल्या दोरीचं टोक मुठीत धरून उभा.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. नाटक बिघडवलं म्हणून शिव्या खायची तयारी होती. शेठ त्या शेवटच्या पानाखाली उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहीत होता. मुलगा गेला कुठे, हे त्या दिवशी विचारायचं माझं धाडस झालं नाही.

त्याने लेखणी ठेवली. ठाणाला हात लावला नाही.

"नळावर फार गर्दी होती, साईं," तो म्हणाला.